शुद्धीवर असणे

केळापूर तालुक्यात फाल्गुन सरत आला की माणसे कोंबड्याच्याही आधी उठतात. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटेच्या सुमारास गळून झाडाखाली पडते. ऊन वर येण्यापूर्वी ते वेचून घ्यावे लागते, नाहीतर गुरे आणि हरणे त्याचा फडशा पाडतात. टोपल्या घेऊन अंधारात निघालेल्या गोंड आणि कोलाम स्त्रियांना त्या फुलांवर घरच्या मीठमिरचीची सोय करायची असते. हीच फुले वाळवून, आंबवून भट्टीवर चढवली की त्यांची दारू होते. मग जी बाई फुलासाठी पहाटे जागी झाली, तिच्याच घरचा पुरुष त्या फुलापायी संध्याकाळी शुद्ध हरपून पडलेला असतो. हे चित्र केवळ पाड्यांवरचे आहे असे कोणी समजू नये. पांढरकवड्याच्या बाजारातील परवान्याच्या दुकानांपुढे उभे राहणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात, आणि आपल्या धर्मग्रामांतील घरेही या व्यथेपासून दूर नाहीत.

मराठी भाषेने येथे दोन शब्द मोठ्या मार्मिकपणे आपल्या हाती दिले आहेत. वृक्षाचे नाव मोह, आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ज्यात पडू नये म्हणून आपण विनवणी करतो तोही मोहच. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द निराळे आहेत, हे मान्य. दुसरा शब्द 'शुद्ध'. निर्मळ ते शुद्ध. आणि जाणीव जागी असणे तेही 'शुद्धीवर असणे'. ज्याची शुद्ध गेली त्याच्या हातून घडलेल्या गोष्टीचा हिशेब कोणाच्या नावे मांडावा, हा प्रश्न आम्ही या लेखात घेतला आहे. तो तत्त्वज्ञांच्या वर्गापुरता नाही. पापनिवेदनाच्या आसनापाशी, न्यायालयात, रुग्णालयात आणि दफनभूमीत तो निरनिराळ्या रूपांनी आपल्यापुढे उभा राहतो.

निद्रेपासून आरंभ करू. आपल्याकडे मांडुक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा तीन अवस्था सांगून त्यांपलीकडे चौथी कल्पिली. पाश्चात्त्य विज्ञान मात्र निद्रा म्हणजे दिवा विझणे, असेच बराच काळ धरून चालले होते. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी निजलेल्या माणसांच्या मिटल्या पापण्यांखालील डोळे मधूनमधून वेगाने हलताना टिपले. अशा वेळी जागे केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था साधारण दर दीड तासाने येते आणि प्रौढ माणसाच्या झोपेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा व्यापते. तिच्यात मेंदू जवळजवळ जागेपणीसारखा खळबळत असतो, पण हातापायांचे स्नायू लुळे पडलेले असतात. ही निर्मात्याची मोठीच दया म्हणावयास हवी, कारण त्यामुळे स्वप्नात धावणारा माणूस प्रत्यक्षात खाटेवरून उठून धावत नाही. काही जणांमध्ये, विशेषतः उतारवयात, हे कुलूप सैल होते आणि मग एखादा शांत स्वभावाचा आजोबा झोपेत शेजारच्या पत्नीवर हात उगारतो. १९८६ मध्ये वैद्यकाने या विकाराची रीतसर नोंद केली. त्या आजोबांना कोणी पापी म्हणेल काय?

हाच प्रश्न संत ऑगस्टीन यांना पंधराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पडला होता. आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात ते बिशपपदी असताना लिहितात की, पूर्वायुष्यातील ज्या प्रतिमांना जागेपणी आपल्या मनात थारा नाही, त्या झोपेत येतात आणि आपली संमतीही मिळवतात. मग त्या वेळी मी मी नसतो काय, असे ते देवालाच विचारतात. डोळे मिटले म्हणून विवेकही मिटतो का? जागे झाल्यावर त्यांना विवेकबुद्धीची शांती परत मिळते. घडले ते आपण केले नाही, आपल्या ठायी घडले, असा भेद ते करतात. तरी त्याचे दुःख त्यांना वाटते आणि तेही बरे व्हावे अशी ते प्रार्थना करतात. आम्हांस या प्रामाणिकपणाचे नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. एवढ्या मोठ्या पदावरील माणसाने आपली स्वप्ने अशी वाचकांपुढे मांडावीत, हे आजही सोपे नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्या प्रश्नाला शिस्त लावली. निद्रेत विवेकाचा निर्णय मोकळा नसतो, म्हणून निद्रेतील कृती स्वतः पाप ठरत नाही. मात्र तिचे कारण जागेपणी आपणच पेरले असेल, तर त्या पेरणीचा दोष आपला. दोष परिणामात शोधू नका, कारणात शोधा, हा त्यांचा मार्ग. मद्याविषयीही ते असेच बोलतात. मद्याची ताकद ठाऊक नसताना प्यालेल्या माणसाला ते क्षम्य मानतात, आणि पहिला द्राक्षमळा लावणाऱ्या नोहाचे कदाचित असेच झाले असावे असे म्हणतात. परंतु आपला विवेक बुडणार हे जाणूनबुजून जो पितो, त्याचा दोष गंभीर आहे. कारण पुढे जे काही होईल त्याची किल्ली पहिला पेला उचलताना त्याच्याच हाती होती.

आपल्या देशाचा कायदाही याच वाटेने चालतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील तरतूद कायम आहे. एखाद्याला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध नशा दिली गेली आणि त्याला कृत्याचे स्वरूप कळेनासे झाले, तर तो बचाव मानला जातो. स्वेच्छेने प्यालेल्याला ही सवलत नाही. आपल्या घरांत मात्र नेमका हाच भेद पुसला जातो. 'तो वाईट नाही हो, दारू बोलते त्याच्या तोंडून,' हे वाक्य किती स्त्रियांनी अंगावरचे वळ झाकीत उच्चारले असेल! हे वाक्य अर्धेच खरे आहे. रात्री दहा वाजता दारू बोलते, हे खरे. संध्याकाळी सहा वाजता गुत्त्याकडे पाऊल वळले तेव्हा कोण चालत होते, हे त्या वाक्यात राहून जाते.

पण येथेच आम्हांला थांबून दुसरी बाजूही पाहावी लागते. व्यसन पक्के जडल्यावर सहा वाजताचा तो माणूस तरी कितपत मोकळा असतो? वर्षानुवर्षांच्या दारूने मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती अचानक थांबली की हात कापतात, झोप उडते, फिट येते, नसलेली जनावरे भिंतीवर दिसू लागतात. त्या अवस्थेत माणूस दगावूही शकतो, म्हणूनच शपथ घालून एका रात्रीत दारू सोडवण्याचा आग्रह वैद्यकीय मदतीवाचून धरू नये. दारूने झोप येते ही समजूतही फसवी आहे. डोळा लवकर लागतो खरा, परंतु रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची निद्रा दडपली जाते आणि उत्तरार्धात झोप तुटत राहते. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दुकाने बंद असताना शेजारच्या वणी येथे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन सात जण मरण पावले. ते द्रव विष आहे हे त्यांना कळत नव्हते काय? बहुधा कळत होते. कळणे आणि वळणे यांतील सांधाच निखळला होता.

ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने हे ओळखले आहे. अज्ञान, भीती, सवय आणि मनोविकार यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, क्वचित नाहीशीही होते, असे तो सांगतो; आणि त्याच ग्रंथात मद्याच्या अतिरेकाचा व अमली पदार्थांचा निषेधही स्पष्ट आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने सुरू केलेली कृपा फाउंडेशन, किंवा डॉ. अनिता व अनिल अवचट दांपत्याने, जिला सारे सुनंदा म्हणून ओळखत, १९८६ मध्ये पुण्यात उभारलेले मुक्तांगण, या दोन्ही ठिकाणी व्यसनी माणसाला आजारी मानले जाते, आणि तरीही स्वतःच्या पुढच्या पावलाची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेतली जात नाही. आमच्या मते हाच मार्ग धरण्याजोगा आहे.

आता थोडे जागरणाविषयी. केळापूरच्या जगदंबेपुढे नवरात्रात जागर होतो. आपणही पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री जागरणविधी करतो. स्वेच्छेने देवासाठी जागणे हे दान आहे. पण या तालुक्यात दुसरे एक जागरण आहे, त्याला जागल म्हणतात. रानडुकरांचे कळप एका रात्रीत उभे पीक लोळवतात, म्हणून शेतकरी वावरातील मचाणावर रात्र काढतो. त्यात शेतीपंपाची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच मिळण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, यावरूनच दुखणे किती जुने होते ते कळते. टी-वन म्हणजेच अवनी ही वाघीण पांढरकवडा-राळेगावच्या रानात फिरत होती आणि तेरा माणसांचे बळी तिच्या नावे मांडले गेले, तेव्हाही जागल चुकत नव्हती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती मारली गेली. सलग सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची चपळाई थोडे मद्य घेतलेल्या माणसाइतकीच मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. रात्र मचाणावर काढून सकाळी मुलावर खेकसणाऱ्या बापाच्या रागाचे मोजमाप करताना त्याच्या हरवलेल्या झोपेचे वजनही पारड्यात घालावयास नको काय? देव आपल्या लाडक्यांना झोप देतो, अशा आशयाचे वचन स्तोत्रकर्त्याचे आहे. ती झोप ज्यांच्याकडून हिरावली गेली त्यांच्याविषयी बोलणे म्हणूनच न्यायाचा विषय ठरते.

झोपेतून माणसाला काय मिळू शकते याचे एक उदाहरण आम्हांला फार प्रिय आहे. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोवी नावाचे ज्यू शास्त्रज्ञ होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे १९२० सालच्या ईस्टरच्या आदल्या रात्री ते स्वप्नातून जागे झाले आणि कागदाच्या चिठोऱ्यावर काही खरडून पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले आणि बेडकांच्या दोन हृदयांवर त्यांनी तो प्रयोग केला. एका हृदयाची मज्जा उत्तेजित करून त्याभोवतालचे द्रव दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. मज्जा रासायनिक द्रव्याच्या द्वारे बोलते हे त्यातून सिद्ध झाले, आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते द्रव्य म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. पुढे असेही दिसून आले की स्वप्नांच्या निद्रेत मेंदूत याच द्रव्याचा पाझर वाढतो. ज्या द्रव्याच्या आधारे स्वप्न पडते, त्याचाच शोध स्वप्नात लागला.

या कथेचा उत्तरार्ध यवतमाळ जिल्ह्यात आहे. कीटकनाशकांचा ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा जो वर्ग आहे, तो शरीरात शिरला की अ‍ॅसिटिलकोलीनचा निचरा करणारे विकर बंद पाडतो. द्रव्य साचते, घाम व लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात, श्वास कोंडतो आणि शुद्ध हरपते. २०१७ च्या पावसाळ्यात बोंडअळीच्या भीतीने या जिल्ह्यात फवारणी वाढली. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती, त्यामुळे फवारा तोंडावरच येई. त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. फवारलेल्या मिश्रणांत इतर वर्गांची रसायनेही होती. परंतु ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर उतारा म्हणून जे अ‍ॅट्रोपिन देतात, त्याचे सोयरे रस्त्याकडेच्या धोत्र्यातही असतात, आणि त्याची मात्रा चढली की रुग्ण भ्रमात बडबडतो, हवेतल्या वस्तू पकडू पाहतो.

या माणसांनी नशा मागितली नव्हती. अडीचशे-तीनशे रुपयांच्या रोजासाठी त्यांनी पाठीवर पंप घेतला होता. नाकावर बांधायला रुमालापलीकडे बहुतेकांकडे काही नव्हते. मद्यप्याविषयी आपण थॉमस यांच्या मागोमाग कारणाकडे मागे चालत गेलो. येथेही तसेच चालू लागलो तर पाऊल त्या मजुरापाशी थांबत नाही. विकणारा, विकण्यास परवानगी देणारा, मजुरी ठरवणारा आणि स्वस्त कापड अंगावर घालणारे तुम्हीआम्ही, एवढा लांबचा तो रस्ता आहे.

नशेच्या बाजूने एक भारदस्त युक्तिवादही झाला आहे, तो टाळणे बरे नव्हे. १९५४ मध्ये अल्डस हक्सले यांनी मेस्कलीन घेतल्यानंतरच्या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि संतांना जे दर्शन घडते त्याचेच दार यातून किलकिले होते असे सुचवले. १९६२ च्या शुभ शुक्रवारी बॉस्टन येथील एका प्रार्थनामंदिरात वॉल्टर पान्के यांनी ईश्वरविज्ञानाच्या वीस विद्यार्थ्यांपैकी दहांना अळिंबीपासून मिळणारे सिलोसायबिन दिले, आणि त्यांतील बहुतेकांनी गूढानुभवासारखे वर्णन केले. हक्सले यांना उत्तर दिले ते ऑक्सफर्डचे प्राध्यापक आर. सी. झेनर यांनी. ते कॅथोलिक पंथात आलेले गृहस्थ, आणि हिंदू धर्मग्रंथांचे जाणकार. त्यांनी स्वतः मेस्कलीन घेऊन पाहिले आणि १९५७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की सृष्टीशी एकरूप झाल्याची धुंदी निराळी आणि प्रेमाने देवाशी जडलेले नाते निराळे. अवीलाच्या संत तेरेजा तर दर्शनांची पारख त्यांच्या तेजावरून करीतच नसत. दर्शनानंतर नम्रता आणि शेजाऱ्यावरील प्रीती वाढली का, हे त्या पाहत. आमचाही कौल याच बाजूला आहे. गोंड-कोलाम समाजात मोहाचा पहिला थेंब पूर्वजांना अर्पण करण्याची रीत आहे. तीत आम्हांला हक्सले यांच्या प्रयोगापेक्षा अधिक धर्म दिसतो. तेथे अनुभवाची हाव नसते, गेलेल्यांचे स्मरण असते.

आणि तरीही शुद्ध कमी करणारे प्रत्येक औषध वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. क्रुसावर चढवण्यापूर्वी प्रभूला गंधरस घातलेला द्राक्षारस देऊ केला गेला आणि त्याने तो घेतला नाही, असे संत मार्क सांगतात. वेदना बधिर व्हाव्यात म्हणून तो देण्याची चाल होती. या प्रसंगाचा आधार घेऊन कर्करोगाने तळमळणाऱ्या आईला मॉर्फिन नाकारणारी भाविक कुटुंबे आम्हांला ठाऊक आहेत. प्रभूने स्वतःसाठी जे नाकारले ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार कोणी दिला? २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना पोप पायस बारावे यांनी स्पष्ट केले होते की वेदनाशमनासाठी गुंगीचे औषध देणे उचित आहे, त्यामुळे आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला तरीही. फक्त मरणाऱ्याला आपली धार्मिक व कौटुंबिक कर्तव्ये उरकता यावीत, आणि गंभीर कारणावाचून त्याची जाणीव हिरावू नये. मनोविकाराच्या गोळ्यांविषयीही हेच म्हणावे लागेल. 'गोळ्यांनी माणूस स्वतःचा राहत नाही' असे म्हणून घरच्यांनी औषध बंद करावे आणि महिन्याभरात मुलगा पुन्हा भरकटावा, असे वारंवार घडते. त्या गोळीने त्याची शुद्ध जात नसते. ती त्याला परत मिळत असते.

विदर्भात फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. 'त्याने औषध घेतले' हे वाक्य यवतमाळच्या खेड्यात कानी पडले तर ऐकणारा दचकतो. कर्ज आणि नापिकी यांची चर्चा बरीच झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर झाली. त्या अंधाऱ्या क्षणी त्या माणसाच्या मनाचे काय झाले असेल, हे मात्र फार कमी विचारले गेले. दीर्घ नैराश्यात पहाटे तीन-चारलाच झोप मोडते, विचार एकाच चाकोरीत फिरतात आणि उद्याचा दिवस दिसेनासा होतो. बाहेरून तो माणूस जागा व शांत दिसतो. त्याच्या शुद्धीचा केवढा भाग त्याच्या हाती उरलेला असतो? अशा वेळी कोणी शेजारी बसले, विषाची बाटली घराबाहेर ठेवली, दवाखान्यात नेले, तर तो काळ ओसरतो आणि माणूस जगतो. पुष्कळ जण जगले आहेत. २०२२ पासून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते.

१९१७ च्या ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारले होते. 'जाणूनबुजून' हा शब्द त्या कायद्यातही होता, पण गावोगाव तो कितपत लक्षात घेतला गेला, हे जुन्या दफनभूमींच्या कडेला गेल्यावर कळते. १९८३ च्या नव्या संहितेतील यादीतून आत्महत्येचा उल्लेख गळला. तीव्र यातना, भय व मनोविकार यांनी जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. देशाच्या कायद्यानेही २०१७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले.

यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. तेथील लहानशा धर्मग्रामांत काय, किंवा आपल्या मोठ्या धर्मग्रामांत काय, २ नोव्हेंबरला मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या वेदीजवळच्या पेटीत टाकल्या जातात. काही घरांतून एक नाव अजूनही लिहिले जात नाही. आई ते मनातल्या मनात घेते. आमची धर्मगुरूंना एवढीच विनंती आहे की, पुढच्या नोव्हेंबरात पेटी ठेवण्याआधीच्या रविवारी त्यांनी वेदीवरून सांगावे, ती नावेही लिहा. आणि ती वाचताना शेवटी, आवाज उतरवून न घेता, आडनावाच्या क्रमाने इतरांबरोबरच वाचावीत.